गुंठ्याचा तिसावा भाग

शहरातल्या माणसाला भाजी दोनच ठिकाणी भेटते : मंडईत आणि ताटात. त्याआधी ती कुठे होती, याची चौकशी करण्याचे त्याला कारण पडत नाही. जुडी स्वस्त की महाग, कोवळी की जून, एवढ्यावर आमचे शेतीविषयक ज्ञान संपते. पण चार वर्षांपूर्वी आमचे तात्या साताऱ्याकडचे गाव सोडून पुण्यात आमच्याकडे राहायला आले, आणि हे ज्ञान अपुरे पडू लागले.

तात्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आई गेली, शेत भावकीकडे सोपवले, गुडघ्यांनी असहकार पुकारला. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ते खुर्ची टाकून बसत. चहा दिला की "छान झालाय" म्हणत आणि पुन्हा बाहेर पाहत. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्याची समजूत घालता येते. न करणाऱ्याचे काय करावे? शेवटी सौ.च म्हणाली, "अहो, मामंजींना काहीतरी काम द्या. नाहीतर त्या भिंतीकडे बघून बघून ते मुके होतील."

आमच्या डोक्यावरच गच्ची होती. मी कुंड्यांची गोष्ट काढली. तात्या म्हणाले, "कुंडीत फूल लावतात. भाजीला वाफा लागतो." पण गुडघे वाकत नाहीत, तेव्हा वाफ्यानेच वर यायला हवे. म्हणून विटांचे ठोकळे रचून त्यांवर जुन्या पलंगाच्या फळ्यांच्या उथळ पेट्या बसवल्या. प्रत्येक पेटी तीन फूट लांब, तीन फूट रुंद, नऊ इंच खोल. शेजारी स्टूल टाकून बसले की हात मधल्या रोपापर्यंत पोचतो. अशा चार पेट्या झाल्या.

मेल बार्थोलोम्यू नावाच्या एका अमेरिकन अभियंत्याने १९८१ साली याच विषयावर पुस्तक लिहिले. वाफ्याचे एकेक फुटाचे चौकोन पाडायचे. एका चौकोनात कोबी एक, गाजरे सोळा. मी हे मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. तात्या म्हणाले, "बरोबर आहे. पण एवढ्यासाठी पुस्तक कशाला?"

मातीवरून मात्र आमचे वाजले. तात्यांना काळी माती हवी होती. पण घनफूटभर ओली माती पंचेचाळीस किलोच्या घरात जाते. एका पेटीत तीनशे किलो! गच्ची काही रान नव्हे. इथे कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर मदतीला आले. 'प्रयोग परिवारा'चे हे प्रवर्तक २००१ साली वारले, पण पालापाचोळ्यातून आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून शहरातही पीक घेता येते, ही त्यांची शिकवण टिकून आहे. आम्ही पाचोळा, उसाची चिपाडे आणि कुजलेले खत भरले, माती थोडीच घातली. तरीही पेट्या तुळयांच्या रेषेतच ठेवल्या.

आता खरी परीक्षा आली. सोसायटीच्या सभेत एका सभासदाने हरकत घेतली : गच्ची गळेल, पेट्या काढा. बोलणे चुकीचे नव्हते. गळक्या छताखाली राहणे काय असते ते पुणेकराला सांगायला नको. मी उत्तर जुळवत होतो, तोच तात्या उठले. "उद्या सकाळी पाणी घातल्यावर वर या, आणि पेटीखाली हात फिरवून बघा." दुसऱ्या दिवशी पाचजण आले. पेट्यांचे पाणी खालच्या पत्र्यावरून थेट पन्हळीकडे जात होते. पेटीखाली फरशी कोरडी. पेट्या राहिल्या. त्या रात्री तात्या बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेऊन जेवले.

त्यानंतर घरात नवे पंचांग सुरू झाले. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, महिन्याभरात खुडायला होते. धणे तसेच पेरायचे नाहीत. चपलेखाली हलके रगडून दोन दले वेगळी करायची. ते उगवायला आठवडा-दीड आठवडा घेतात, तोवर उकरून पाहायचे नाही, ही ताकीद नातवाला. पालक मुळासकट उपटायचा नाही. कापला की पुन्हा फुटतो. मावा पडला तर निंबोळीचा अर्क. कबुतरांवर मात्र जाळीवाचून उपाय नाही.

एकदा मी कौतुकाने म्हटले, "तात्या, पुन्हा शेतकरी झालात." त्यांनी तोंडी हिशेब केला. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आपल्या पेट्या छत्तीस फूट. "गुंठ्याचा तिसावा भाग," ते म्हणाले, "सातबाऱ्यावर चढायचा नाही."

एवढ्या शेतीने मंडई सुटत नाही, हे गृहिणींना सांगायला नकोच. आठवड्यातून दोनदा पालेभाजी, रोजची कोथिंबीर, थंडीत थोडे टोमॅटो, एवढेच उत्पन्न. त्यातलीही एक जुडी हरकत घेणाऱ्या सभासदाकडे जाते; ती तात्या स्वतः नेऊन देतात.

यंदा तात्यांना जिना अवघड जातो. काही दिवस ते वर जात नाहीत. नातू खाली येऊन वर्दी देतो. पण दिवाळीनंतरच्या मेथीचे बियाणे त्यांनी पुडीत बांधून ठेवले आहे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातल्या एका तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला आहे. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाने पुढच्या महिन्यातली तारीख राखून ठेवावी, यापरते मोठे पीक त्या छत्तीस फुटांतून आम्हाला नको आहे.