दम कमी झालेला माणूस ऐकायला जावं का?

मालवणहून पणजी म्हणजे काही लांब नाही. सकाळी निघालं की जेवणापर्यंत पोचतो. तिथे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ अजून ट्रम्पेट वाजवतात असं कळलं आणि मी गाडी काढायचं ठरवलं, तेव्हा आमच्या भीमगीतांच्या ग्रुपमधला की-बोर्डवाला पोरगा म्हणाला, "दादा, तेचो दम आता ऱ्हवाक नाय. जावन काय करतल्यात? यूट्यूबर आसा मां सगळा."

प्रश्न उर्मट वाटेल, पण रास्त आहे. आपण चिकित्सेची माणसं. माणूस मोठा होता म्हणून त्याच्या पायाशी बसा, हे आपल्याला कुणी सांगू नये. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. कलेच्या बाबतीतही तो विसरायचं कारण नाही. त्यामुळे "गेलंच पाहिजे" असं मी त्याला म्हणालो नाही. पण तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे, कारण तो फक्त ट्रम्पेटवाल्याचा नाही. आपल्या म्हाताऱ्या शाहिरांचाही तोच आहे.

आधी वाद्याचं बघू. ट्रम्पेटमध्ये पिपाणीसारखी पात नसते. आवाज तयार होतो वाजवणाऱ्याच्या ओठांत. ओठ थरथरतात आणि पितळेची नळी तो थरथराट मोठा करते. कळी फक्त तीन. बाकीचे सगळे सूर ओठांच्या ताणावर आणि छातीतल्या हवेवर. म्हणून वय झालं की हे वाद्य दया दाखवत नाही. दात हलले, ओठाचा स्नायू सैल झाला, श्वास तोकडा पडला की वरचे सूर आधी जातात. गाणारा पट्टी उतरवून वेळ मारून नेतो, तबलजी लय कमी करतो. ट्रम्पेटवाल्याला लपायला जागा नाही. आमच्या पोराचा "दम ऱ्हवाक नाय" हा शेरा म्हणजे अगदी शारीरिक सत्य आहे.

आता लुई आर्मस्ट्राँगकडे या. न्यू ऑर्लीन्सच्या गरीब काळ्या वस्तीतला हा पोरगा पुढे जगातला सगळ्यात प्रसिद्ध ट्रम्पेटवादक झाला. त्याच्या नावाची जादू एवढी की अल्दोना गावच्या आंतोनियो वाझला, म्हणजे चिक चॉकलेटला, मुंबईत लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 1951 च्या 'अलबेला'त गिरणी कामगाराचा मुलगा भगवानदादा नाचतो, त्या सी. रामचंद्रांच्या संगीतात याच चिक चॉकलेटची साथ आहे. आपल्या आजोबांनी जॅझ हा शब्द ऐकला नसेल, पण ट्रम्पेटवर पाय नक्की हलवले.

लुईचे ओठ तिशीतच फाटून रक्ताळले होते. पन्नाशीत तरुण काळ्या वादकांना तो जुनाट वाटायला लागला. डिझी गिलेस्पीसारख्यांनी त्याच्यावर टीका केली, की हा गोऱ्यांसमोर दात काढून हसतो, रुमालाने घाम पुसतो, लाचारी करतो. आपल्याकडे "तो आता काँग्रेसच्या स्टेजवर जातो" म्हणून एखाद्या जुन्या कलावंताला निकालात काढतात ना, तसंच. आणि मग 1957 उजाडलं. आर्कान्सॉ राज्यात लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना प्रवेश मिळू नये म्हणून गव्हर्नरने सैनिक उभे केले, तेव्हा याच हसऱ्या म्हाताऱ्याने पत्रकारासमोर थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला झोडपलं आणि सरकारच्या वतीने ठरलेला सोव्हिएत रशियाचा दौरा झुगारला. त्याला लाचार म्हणणाऱ्यांपैकी किती जणांकडे पणाला लावण्याएवढं काही होतं? गिलेस्पीने पुढे आत्मचरित्रात आपलं मत बदललं.

1964 मध्ये, 62 व्या वर्षी, याच माणसाच्या 'हॅलो, डॉली!'ने बीटल्सना अमेरिकेच्या यादीत पहिल्या जागेवरून खाली ओढलं. मार्च 1971 मध्ये डॉक्टरांनी जीवाची भीती घातली असतानाही तो न्यूयॉर्कच्या हॉटेलात दोन आठवडे वाजवायला उभा राहिला. जुलैमध्ये गेला. त्या दोन आठवड्यांत त्याच्या ट्रम्पेटमध्ये 1928 ची ताकद नसणारच. तिकीट काढून आलेल्यांनाही ते ठाऊक असणार.

मग उरतं काय? उरते निवड. तरुण वादक दहा सूर वाजवू शकतो म्हणून दहाही वाजवतो. म्हाताऱ्याकडे तीनच आहेत, त्यामुळे कोणते तीन हे त्याला ठरवावं लागतं. ते ठरवण्यात त्याचं सगळं आयुष्य असतं, आणि ते ठरवताना त्याला बघणं मला मोलाचं वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये ठरलेलं ऐकू येतं, ठरताना दिसत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा ह्यू मासेकेला घ्या. वर्णद्वेषी राजवटीतल्या पोरांच्या बँडसाठी लुईने अमेरिकेहून आपला एक ट्रम्पेट पाठवला होता, तो या ह्यूच्या हाती पडला. 1960 मध्ये शार्पव्हिलच्या गोळीबारानंतर त्याने देश सोडला, तो थेट 1990 मध्ये परतला. त्याचं 'स्टिमेला' हे आगगाडीचं गाणं आहे. आजूबाजूच्या देशांतून माणसं भरभरून जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींकडे नेणारी गाडी. सत्तरीच्या पुढे ह्यू हे गाणं म्हणायचा तेव्हा ट्रम्पेट कमी आणि तोंड जास्त वाजवायचा. इंजिनाची शिटी, वाफेचा फुसकारा, मध्येच मजुरांची गोष्ट. ते ऐकताना मला भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या बोटी आठवतात. आपली माणसंही अशीच भरून गेली. आधी बोटीने, मग एसटीने, 1998 पासून कोकण रेल्वेने. चाकरमानी म्हणून त्यांच्यावर विनोद भरपूर झाले. 'स्टिमेला'च्या तोडीचं गाणं आपण त्यांच्यावर केलं का, हा वेगळा लेख होईल.

आता आपलं घर. लोकशाहीर विठ्ठल उमप मुंबईतल्या नायगावचे. कोळीगीत, पोवाडा, कव्वाली, भीमगीत, सगळ्यात संचार. 'जांभूळ आख्यान'मध्ये कर्णावर मन गेलेली द्रौपदी ते उतारवयात उभी करायचे. 26 नोव्हेंबर 2010 रोजी, संविधान दिनीच, नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच ते कोसळले आणि गेले. वय 79. त्या दिवशी समोर बसलेल्यांना "आता यांचा आवाज राहिला नाही, यूट्यूबवर ऐकू" असं कुणी सांगितलं असतं तर? वामनदादा कर्डक 2004 मध्ये गेले. त्यांची गाणी हजारोंनी आहेत, पण दादा स्वतः कसे म्हणायचे, कुठे थांबायचे, हे ज्यांनी समोर बसून ऐकलं त्यांच्याबरोबरच संपत चाललं आहे. जॅझच्या माणसांना कंपन्या होत्या, रेकॉर्डी निघाल्या. जलशांचं बरंचसं हवेत विरलं. म्हणून आपल्यासाठी "लाइव्ह" हा शौक नाही, बऱ्याचदा तेवढंच शिल्लक आहे.

आणखी एक. वाजवणं आपल्या वाट्याला हौसेने आलं नव्हतं. गावकीचं काम म्हणून लादलं गेलं होतं, तेही मांडवाबाहेर उभं राहून. 1956 नंतर अनेक वस्त्यांनी वाजप सोडलं आणि बरोबर केलं. पण त्यानंतर ज्यांनी डफ, हार्मोनियम, ढोलकी पुन्हा स्वतःच्या मर्जीने हातात घेतली आणि त्यावर बाबासाहेब गायले, त्यांनी केलेली उलथापालथ काळ्या माणसांनी ट्रम्पेटवर केली तेवढीच मोठी आहे. त्या पिढीतले थोडे उरलेत.

म्हणजे प्रत्येक म्हाताऱ्यापुढे माना डोलवा असं नाही. जो मागे रेकॉर्ड लावून ओठ हलवतो, तासभर फक्त आपल्या जुन्या सत्कारांच्या गोष्टी सांगतो, त्याच्यासमोरून मी उठून येईन. सूर चुकला तर चुकला म्हणावं. त्यात अपमान नाही. अपमान आपण करतो तो वेगळाच. जयंतीला डीजेच्या भिंतीवर वर्गणी उडवायची, म्हाताऱ्या शाहिराला रात्री साडेअकराला पुढाऱ्यांच्या भाषणांनंतर बोलवायचं, "दोनच गाणी घ्या" म्हणून सांगायचं, शाल घालायची आणि वर पोरांनी म्हणायचं, यांच्यात दम नाही. साडेअकराला तुमच्यात तरी असतो का?

या 14 एप्रिलसाठी आमच्या वाडीत मी सुचवलंय ते एवढंच. शाहिराला संध्याकाळी पाचला बसवायचं, विहाराच्या सभागृहात, पन्नास माणसांसमोर. एकच चांगला माईक. ढोलकीवाला त्यांच्या ओळखीचा, आमचा नव्हे. मानधन पाकिटात आधीच. एका पोराने त्यांची परवानगी घेऊन मोबाईल स्टँडवर लावायचा आणि गाण्यांइतकंच गाण्यांच्या मधलं बोलणंही रेकॉर्ड करायचं. की-बोर्ड त्या दिवशी बंद. आमचा की-बोर्डवाला यावर अजून भांडतोय.