सेक्टरांपलीकडची चूल

चंडीगढ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते सरळ, रुंद रस्ते, ली कॉर्बुझिएने आखलेले चौकोनी सेक्टर, सुखना तलावावरची संध्याकाळ आणि नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या-कपबश्यांतून उभं केलेलं रॉक गार्डन. दिल्लीहून सकाळची शताब्दी पकडली तर साडेतीन तासांत आपण तिथे पोहोचतो. दोन दिवसांत शहर पाहून पर्यटक सिमल्याच्या वाटेला लागतात. पण गृहिणीच्या नजरेने पाहायचं तर शहराचं स्वयंपाकघर पाहायला हवं. या आखीव शहरात ते दोन ठिकाणी आहे.

सेक्टर १० मध्ये वस्तुसंग्रहालय पाहायला सगळेच जातात. याच सेक्टरात १९६१ साली स्थापन झालेलं शासकीय गृहविज्ञान महाविद्यालय आहे. कोणत्या पदार्थात किती प्रथिनं, कशात किती लोह, याचा अभ्यास मुली इथे करतात. जवळच सेक्टर १२ मध्ये पीजीआय हे उत्तर भारतातलं नामांकित रुग्णालय आहे. आहाराचं सारं ज्ञान शहराच्या या हिरव्यागार भागात एकवटलेलं आहे.

दुसरं स्वयंपाकघर शहराच्या कडेला आहे. राम दरबार, मौली जागरां, दादू माजरा, धनास या वस्त्यांत उत्तर प्रदेश-बिहारमधून पोटासाठी आलेली अनेक कुटुंबं राहतात. इमारती बांधणारे, रिक्षा चालवणारे, कोठ्यांमध्ये धुणंभांडी करणारे हात हेच. औद्योगिक वसाहतीतली कॉलनी नंबर ४ मे २०२२ मध्ये पाडली गेली. तिथल्यासारख्या वस्त्यांतल्या अनेकांना धनास, मलोया इथे छोटे फ्लॅट मिळाले. पण घर पक्कं झालं म्हणून ताट आपोआप भरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या सुखवस्तू शहरातल्याही निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या.

या दोन स्वयंपाकघरांमधला पूल म्हणजे अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत मुलांना खाऊ देण्याइतकंच आयांना पोषणाचं शिक्षण देणंही अपेक्षित आहे. २०१८ पासून पोषण अभियानात दर सप्टेंबरला पोषण महिना पाळला जातो, पाककृतींची प्रात्यक्षिकं होतात. पण भिंतीवरच्या तक्त्यात सफरचंद, अंडी, पनीर रंगवलेलं असेल आणि समोर बसलेल्या बाईच्या घरी पीठ, बटाटे अन् मूठभर डाळ असेल, तर ते शिक्षण भिंतीवरच राहतं. तिच्या डब्यात जे आहे तिथूनच सुरुवात करावी लागते.

आणि त्या डब्यात बरंच काही असतं! बिहारी घरातला सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, प्रथिनांचा स्वस्त साठा. हिवाळ्यात इथे बथुआ मुबलक मिळतो. तो आपलाच चाकवत. पंजाबी मंडळी त्याचा रायता करतात, सरसोंच्या सागात घालतात. मुळ्याचा आणि फुलकोबीचा पाला बहुतेक घरांत कचऱ्यात जातो, खरं तर तो लोहाने भरलेला. या भाज्यांवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागतं, आणि रोटीबरोबर चहा घेतला तर तेच वाया जातं. कामावर निघालेल्या बाईचा नाश्ता नेमका चहा-रोटीच असतो. चहा तासभर पुढे ढकलायला पैसे लागत नाहीत, फक्त कुणीतरी सांगावं लागतं.

सगळ्यात मोलाचा धडा बाळाच्या वाटीचा. सहा महिने निव्वळ आईचं दूध, त्यानंतर वरचं अन्न. पण प्रेमापोटी बाळाला दिलं जातं ते डाळीवरचं पाणी. पंजाब असो, बिहार असो की आपला महाराष्ट्र, ही समजूत सगळीकडे एकच. बाळाचं इवलंसं पोट पाण्याने भरतं आणि डाळ मात्र पातेल्याच्या तळाशीच राहते. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी दाट, मऊसर खिचडी, त्यात चमचाभर तेल किंवा तूप आणि ठेचलेली भाजी, एवढंच करायचं. सहा महिने ते दोन वर्षं या काळात खुंटलेली वाढ पुढे भरून काढणं फार अवघड असतं. म्हणून हा धडा आईबरोबर आजीलाही दिला पाहिजे, आणि बाजार आणणाऱ्या वडिलांनाही.

अर्थात नुसत्या शिकवण्याने मजुरी वाढत नाही. पीजीआयच्या दाराशी वर्षानुवर्षं लंगर चालवणारे जगदीश लाल आहुजा यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२१ मध्ये ते निवर्तले. लंगर आजची भूक भागवतो, तो हवाच. पण रोजची चूल घरातच पेटते आणि तिथे आईच्या हाताला माहितीची जोड मिळाली, तर त्याच दहा-वीस रुपयांत ताट बदलतं.

चंडीगढला गेलात तर एखाद्या सेक्टरात भरणाऱ्या अपनी मंडीत जरूर फेरफटका मारा. शेतकरी स्वतः भाजी विकायला बसतात. बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात, तेव्हा वस्त्यांमधल्या बायका पिशव्या घेऊन येतात. त्या पिशवीत पाल्यासकट मुळे दिसले, तर समजा, सेक्टर १० मधलं ज्ञान इथवर पोहोचलं!