ऑइल आधी की नंतर?

कॅनडात राहणाऱ्या आमच्या एका मावसभावाने मागे व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीचा फोटो पाठवला. गाडी गॅरेजात, वरून चादर, बाहेर गुडघाभर बर्फ. खाली प्रश्न : ‘‘खालूजानला विचार, ऑइल आत्ता बदलू की मार्चमध्ये गाडी बाहेर काढताना?’’ खालूजान म्हणजे आमचे अब्बा. चाळीस वर्षं चंद्रपुरात गाड्यांखाली झोपलेला माणूस. प्रश्न वाचून मला हसू आलं नाही. याच प्रश्नाने आमच्या घरी एक अख्खी दिवाळी खाल्ली होती.

आमच्याकडे बर्फ नाही. आमचा बर्फ म्हणजे पावसाळा. ताडोब्याचा कोअर भाग 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असतो. बफरच्या फेऱ्या चालू राहतात, पण सगळ्या जिप्स्यांना पुरेल इतकं काम तिथे नसतं. मग कितीतरी जिप्स्या अंगणात, टिनाच्या शेडखाली तीन महिने उभ्या राहतात. त्यातलीच एक माझ्या धाकट्या भावाची.

त्या वर्षी जून संपत आला होता. अब्बा म्हणाले, ‘‘गाडी उभी करायच्या आधी ऑइल बदलून टाक.’’ भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर, घरातला शिकलेला. मी मीटर पाहिला, वही पाहिली. पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलतो, झाले होते साडेतीन हजार. ‘‘अजून दीड हजार बाकी आहेत,’’ मी म्हणालो, ‘‘आणि उभ्या गाडीत नवं ऑइल कशाला? ऑक्टोबरात टाकू, ताजं.’’ जूनमध्ये शाळांची फी असते, वह्या-पुस्तकं असतात आणि पुढचे तीन महिने कमाई नाही. माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. अब्बा काही बोलले नाहीत. वाद हरल्यावर ते चहा मागतात, तसा मागितला.

माझ्या हिशेबात दोन चुका होत्या.

पहिली मीटरची. सफारीची जिप्सी चार तासांत जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर चालते. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते, पाणवठ्यावर बंद होते, वाघाची आरोळी ऐकू आली की पुन्हा सुरू. डिसेंबरात पहाटे गारठलेलं इंजिन, मे महिन्यात 46-47 अंशांची भट्टी आणि बारा महिने धूळ. किलोमीटर कमी दिसतात, इंजिन मात्र राबलेलं असतं. गडचिरोलीकडच्या धानाच्या शेतकऱ्याला हे बरोबर कळतं, कारण ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो. चिखलणी-रोवणी आटोपून ट्रॅक्टर शेडमध्ये लावताना तो तास मोजतो, किलोमीटर नाही.

दुसरी चूक मोठी. मला वाटायचं, ऑइल चालून चालून खराब होतं, उभं राहून काय होणार? पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरतं. त्याबरोबर न जळलेलं पेट्रोल, काजळी आणि आम्ल बनवणारे वायू. नव्या ऑइलमध्ये हे आम्ल मारणारा मसाला असतो, जुन्यात तो संपत आलेला असतो. गाडी रोज चालते तोवर ऑइल तापतं आणि पाणी उडून जातं. गाडी उभी राहिली की तेच काळं पाणी बेअरिंगला चिकटून बसतं, तीन महिने, तेही आपल्याकडच्या ओल्या हवेत.

भरीस भर, भाऊ दर रविवारी गाडी पाच मिनिटं सुरू करून बंद करायचा. ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून. पाच मिनिटांत ऑइल नीट तापत नाही, आत पाण्याची भर मात्र पडते. सुरू करायची तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवून आणावी, नाहीतर बॅटरीची वायर काढून गाडीला झोपू द्यावं.

ऑक्टोबर आला. पहिल्या आठवड्यात इंजिनातून टकटक, दुसऱ्या आठवड्यात ठोके. इंजिन उतरवलं. अब्बांनी बेअरिंगची वाटी हातात घेतली, नखाने खरवडली आणि माझ्यासमोर धरली. वर बारीक खड्डे, देवीचे व्रण असावेत तसे. इंजिन जुनं होतं, नुसत्या ऑइलनेच ते गेलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत, गेटवर गाड्यांची रांग असताना, आमचा नंबर आला आणि गेला. ऑइलचे वाचवलेले पैसे क्रँकच्या कामात कुठे गेले ते कळलंसुद्धा नाही. अब्बा तेव्हाही काही बोलले नाहीत. त्याचं मला जास्त लागलं.

मावसभावाला मी कळवलं : आत्ता बदल. गाडी फिरवून गरम कर, गरम असतानाच ऑइल सोड म्हणजे गाळही निघेल. फिल्टर बदल. नवं भरून दहा मिनिटं चालव, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. मग टाकी भरून ठेव, हँडब्रेक ओढू नकोस, चाकाला विटा लाव. मार्चमध्ये पुन्हा बदलायची गरज नाही, न वापरलेलं ऑइल तेवढ्यात मरत नाही. गेजची पट्टी काढून पाहा, दुधाळ दिसलं तरच बदल. (उंदरांसाठी सायलेन्सरला बोळा लावलास तर स्टिअरिंगला लाल चिंधी बांध. आमच्या भावाने एकदा बोळ्यासकट गाडी सुरू करायला घेतली होती.)

तेव्हापासून जूनच्या शेवटच्या दिवशी गाडीखाली मी असतो. अब्बांचे हात आता थरथरतात, ते शेजारी खुर्ची टाकून बसतात. काळं ऑइल डब्यात धरून ठेवतो, नाल्यात सोडत नाही. शेजारचा सुतार वाळवीसाठी थोडं मागून नेतो, उरलेलं भंगारवाल्याला. यंदा नवं ऑइल भरून मी इंजिन सुरू केलं आणि घड्याळ पाहत बसलो. अब्बा घड्याळ पाहत नव्हते. मान थोडी कलती करून ऐकत होते.

‘‘हं,’’ थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘आता बंद कर. आणि चहा सांग.’’