गटारीच्या दुसऱ्या दिवशी रजा नाही

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून मुंबईत विमानतळाच्या कामाला लागले तेव्हा घरच्यांना वाटलं, ही आता आवाजाची मोजमापं आणि सांडपाण्याचे अहवाल करत बसणार. ते केलंच. पण पहिला पाऊस पडला आणि मला जीपमध्ये बसवून धावपट्टीकडे पक्षी हाकलायला धाडण्यात आलं.

पावसाने बिळं भरली की गांडुळं धावपट्टीवर चढतात. त्यांच्यामागे गायबगळे हजर. संध्याकाळी दिव्यांभोवती वाळवीचे पंखवाले किडे घोंघावतात, मग कोतवाल आणि घारी. टिटव्या तर मुक्कामालाच असतात, उघड्या खडीत अंडी घालतात, रात्रीही झोपत नाहीत. आम्ही सायरन वाजवायचो, फटाके उडवायचो, गॅसची तोफ लावायचो. तोफेचा बार नुसताच वाजतो, हे पक्ष्यांना फार लवकर कळतं.

मग गवताचा वाद. बारीक कापलं तर टिटव्या आणि मैना खूश; वाढू दिलं तर उंदीर, उंदरांमागे घुबडं आणि घारी. कापायचं तेही दिवसा नाही, कारण उडालेले किडे टिपायला बगळे यंत्रामागेच चालत येतात. गवताच्या उंचीवर एवढ्या बैठका होतात हे बाहेर कुणाला सांगून पटत नाही. पण घार पाऊण किलोची असली तरी विमानाचा वेग दुप्पट झाला की तिचा धक्का चौपट होतो, आणि बहुतेक धडका उड्डाण-उतरणीच्या वेळीच, जमिनीजवळ होतात.

आतलं सगळं नीट केलं तरी बाहेरचं आकाश आमच्या हातात नसतं. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून येणारं विमान घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्यात शिरलं. विमान सुखरूप उतरलं, पक्षी मात्र ४०च्या आसपास मेले. आमची जीप तिथे काय करणार? पाणथळ जागा बुजवली की पक्षी संपतात, असं मानणाऱ्यांशी मी तेव्हापासून जास्तच भांडते. पक्षी फक्त जागा बदलतात, आणि नवी जागा विमानाच्या वाटेवर असू शकते.

विमान नियम, १९३७ मधला ९१वा नियम सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील अशा रीतीने जनावरं कापायची नाहीत, कचरा टाकायचा नाही. मुंबईत या वर्तुळात दादरपासून गोरेगावपर्यंतची माणसं राहतात. कागद घेऊन मी एका चिकनवाल्याकडे गेले. त्याने शांतपणे वाचला.

"मॅडम, माल पहाटे कापतो. कचऱ्याची गाडी येते साडेदहाला. तोवर आतडी काय घरी नेऊ?"

ऊन तापून घारी वर चढायला लागतात तीही साधारण हीच वेळ. त्याला झाकणाचं पिंप मिळालं, गाडीची वेळ अलीकडे यायला मात्र बरीच पत्रं लागली. माझ्या मते त्या पत्रांनी तोफेपेक्षा जास्त घारी हटवल्या. आता तो सण आला की स्वतःच फोन करतो. गटारीला दुपटीने माल कापला जातो, पिंप भरून वाहतं, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे कावळ्यांचा बाजार भरतो. नव्याने येणाऱ्या मुलांना मी म्हणूनच आधीच सांगून ठेवते: दिवाळीत रजा मागा, गणपतीत मागा, गटारीच्या दुसऱ्या दिवशी मिळणार नाही.