सागवानापायी गेलेलं राज्य

लवळ्याहून रत्नागिरीला निघालो, तेव्हा साताऱ्याचा हमरस्ता सोडून पिरंगुट, पौड, ताम्हिणी अशी वाट धरली. पौड मागे पडलं की मुळशीच्या जलाशयाची सोबत सुरू होते. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, धरण काठोकाठ होतं. १९२१च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण व्हायचं ते झालंच. वीज मुंबईला गेली आणि भातखाचरं पाण्याखाली. ही गोष्ट मुळशीत कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. ज्या राजाची समाधी पाहायला आम्ही निघालो होतो, त्याचं राज्यही मुंबईच्याच एका कंपनीच्या निमित्ताने बुडालं, हे मात्र कोकणात राहणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं.

कंपनीचं नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ मध्ये निघालेली ही कंपनी ब्रह्मदेशाच्या जंगलांतून सागवान तोडून नेई. जेवढे ओंडके तोडले त्याहून फार कमी दाखवले, असा ठपका ठेवून राजा थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. थिबा फ्रेंचांशी सलगी करतो ही त्यांची खरी पोटदुखी. नोव्हेंबरात इंग्रजी फौज इरावतीतून वर सरकली आणि पंधरवड्यात राजधानी मंडाले पडलं. सव्वीस वर्षांच्या राजाला, राणी सुपयालतला आणि त्याच्या धाकट्या राणीला बैलगाडीतून नदीवर आणून बोटीत बसवलं. १८८६च्या पहिल्या दिवशी त्याचा ब्रह्मदेश इंग्रजी राज्यात सामील झाल्याचं जाहीरही झालं. ती कंपनी अजून आहे, मुंबईच्या शेअरबाजारात तिचे शेअर विकले जातात.

थिबाबद्दल गहिवर काढण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या गादीला धोका नको म्हणून १८७९ मध्ये राजघराण्यातले सत्तर-ऐंशी जण राजवाड्यात मारले गेले. तो भला राजा नव्हता. पण त्याला पदच्युत करणाऱ्यांना त्या मेलेल्यांचं सुतक होतं, असंही नाही.

माणगावला गोवा महामार्ग लागला. हा रस्ता वर्षानुवर्षं रुंद होतोच आहे, त्यावर आणखी काय लिहायचं! चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा करत संध्याकाळी रत्नागिरी गाठली.

थिबा राजवाडा सकाळी पाहावा. तांबडा जांभा, उतरती कौलारू छपरं, नक्षीदार लाकडी खिडक्या आणि खाली भाट्याची खाडी. आत आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. पाहुण्याला वाटतं, कैद्याचे लाड बरे केले. पण राजा रत्नागिरीत आला १८८६ मध्ये आणि या वाड्यात राहायला गेला १९१० मध्ये. मधली चोवीस वर्षं साहेबांच्या जुन्या बंगल्यांत गेली. तुटपुंज्या तनख्यात भागेना म्हणून मंडालेहून आणलेले हिरे-माणकं विकून, सावकारांची उधारी करून संसार चालला.

वाडा तयार झाला त्याच हिवाळ्यात, १९१०-११ मध्ये, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. आपल्याकडे हा योगायोग मोठ्या कौतुकाने सांगतात. योगायोग कसला? राजा असो की पुढारी, त्याला त्याच्या माणसांपासून समुद्रापार नेऊन टाकायचं, हे साम्राज्याचं ठरलेलं धोरण होतं. बहादुरशहा जफरला त्यांनी रंगूनला पाठवलं, तो तिथेच १८६२ मध्ये गेला.

टिळक १९१४ मध्ये सुटून पुण्याला आले. थिबा सुटला नाही. १९१६च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला. देह मायदेशी नेऊ द्यावा ही राणीची विनवणी सरकारने फेटाळली. १९१९ मध्ये ती ब्रह्मदेशात परतली खरी, पण मंडालेला नाही. १९२५ मध्ये रंगूनला तिचं निधन झालं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत आली. वाड्यावरच्या नोकरापासून तिला झालेली मुलगी टुटू इथेच लहानाची मोठी झाली, इथेच लग्न करून गरिबीत राहिली, मराठीत बोलली आणि म्हातारी होऊन इथेच गेली. थिबाची नात असूनही तिचा देश कोकण होता.

समाधी शिवाजीनगरात, घरांच्या मधोमध आहे. धाकटी राणीही इथेच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे, म्हणजे आजच्या ब्रह्मदेशाचे, अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा म्यानमारचे लष्करप्रमुख मिन आंग लाइंग इथे नतमस्तक झाले. परक्यांनी लुबाडलेल्या राजाला मान द्यायला एवढा मोठा सेनापती आला, याचं रत्नागिरीकरांना अप्रूप वाटलं असेल. त्याच सेनापतीने १ फेब्रुवारी २०२१ रोजी निवडून आलेलं सरकार उलथवून नेत्यांना तुरुंगात डांबलं. देश पुन्हा यादवीत लोटला गेला.

रत्नागिरीत पर्यटक राजवाडा पाहतात, थिबा पॉइंटवर सूर्यास्त पाहतात आणि गणपतीपुळ्याची वाट धरतात. तुम्ही जाल तेव्हा शिवाजीनगरची समाधी चुकवू नका, ती गावातच आहे.