मले स्पॅनिश आवडते!

"जर्मन शिक, जपानी शिक, नोकरी तरी लागते. हे स्पॅनिश काहून?" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की उत्तर एकदाच लिहून टाकावं म्हटलं. मित्रांनो, कारण साधं आहे. या भाषेसाठी खिशातून एक रुपयाही गेला नाही. आणि ती शिकता शिकता आपल्याच वऱ्हाडीबद्दल जे कळलं, ते कुठल्या क्लासात कळलं नसतं.

आधी हिशेब, कारण आपण इंजिनिअर! अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची 'फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट' नावाची संस्था आहे. तिच्या अनुभवानुसार स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच या लॅटिनच्या लेकींसाठी इंग्रजी बोलणाऱ्याला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास लागतात. जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरच्या एका लेनचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. पण तिथे शेकडो माणसं पाळ्या लावून राबत होती. भाषेचा रस्ता एकट्यानेच तयार करायचा. रोज एक तास धरला तर दोन वर्षं. थेंबे थेंबे तळे साचे!

साहित्य काय लागलं? याच संस्थेचा जुना स्पॅनिश कोर्स, पुस्तक आणि ऑडिओसकट, नेटवर फुकट आहे. 'लँग्वेज ट्रान्सफर'चे ९० ऑडिओ धडे आहेत, तेही फुकट. त्यात शिक्षक पाठांतर करायला लावत नाही, वाक्य तुमच्याकडूनच बनवून घेतो. हे धडे मी अकोला-अमरावती एसटीत कानात घालून ऐकले. मूर्तिजापूर येईपर्यंत दोन धडे सहज होतात.

खरी अडचण शब्दांची. त्यासाठी तीन युक्त्या सांगतो.

पहिली, नातेवाईक शोधा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, आणि पोर्तुगीजांचे कितीतरी शब्द गोव्याकडून मराठीत येऊन घरचेच झालेत. आपला 'पगार' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'पैसे देणे', उच्चारही जवळपास तोच. पाव म्हणजे 'पान', बिजागरी म्हणजे 'बिसाग्रा'. काही शब्द तर आपल्याकडूनच तिकडे गेले. संस्कृतमधला 'नारंग' फारसी-अरबीतून प्रवास करत स्पेनला पोचला आणि 'नारांखा' झाला. वरूड-मोर्शीच्या माणसाने संत्र्यासाठी हा शब्द पाठ करायची गरज आहे का? शर्करेचंही तसंच, तिकडे ती 'आसूकार' झाली.

दुसरी, विचित्र चित्र. १९७५ मध्ये रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्पॅनिश शब्दांवरच प्रयोग केला. परक्या शब्दासारखा ऐकू येणारा आपल्या भाषेतला शब्द घ्यायचा आणि दोन्हींचं एक चित्र मनात उभं करायचं. एका प्रयोगात असं करणाऱ्यांना ८८ टक्के शब्द आठवले, बाकीच्यांना २८ टक्के. मराठीत तर ही चंगळच आहे. मांजराला म्हणतात 'गातो'. म्हणून आमचा बोका रात्री गाणं गातो! गाय म्हणजे 'बाका'. वर्गातल्या शेवटच्या बाकावर गाय बसली आहे. सूप म्हणजे 'सोपा'. करायला सोपा! एकदा हसलात की शब्द विसरत नाही.

तिसरी, डबा. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी पुस्तकात मांडलेली ही पद्धत. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. डब्यात पाच कप्पे. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे कप्पे जास्त जास्त दिवसांनी. मी बुटाच्या खोक्यात जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे वापरले. हेच काम 'अँकी' कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकटात करतं, पण पत्रिकांची मजा वेगळी.

आता मुख्य मुद्दा. पुस्तकात एक धडा आला, 'मे गुस्ता'. इंग्रजीवाल्यांना इथे म्हणे घाम फुटतो, कारण त्यांच्याकडे 'मी चहा आवडतो' अशी रचना. स्पॅनिशमध्ये आवडणारी वस्तूच कर्ता. एक आंबा असला तर 'मे गुस्ता', अनेक असले तर 'मे गुस्तान'. अरे, हे तर आपलंच! मले आंबा आवडते, मले आंबे आवडतात. पुढे आलं 'एस्तोय कोमियेंदो'. शब्दशः बघितलं तर आपलं 'खाऊन राह्यलो'!

आणि मग तो उच्चार. स्पॅनिशमध्ये दोन 'एल' जोडून लिहितात. पूर्वी त्याचा उच्चार 'ल्य'सारखा होता. अँडीज पर्वताच्या काही भागांत अजून आहे. पण आज बहुतेक स्पॅनिश बोलणारे तिथे 'य'च म्हणतात. आपली चावी तिकडे 'यावे', घोडा म्हणजे 'काबायो'. हे वाचलं आणि मी थांबलोच. आम्ही 'शाळा'ला 'शाया' म्हणतो, 'डोळा'ला 'डोया'. पुण्यात एका ग्रुप डिस्कशनमध्ये माझ्या तोंडून 'शाया' निघालं तेव्हा खोलीभर हशा झाला होता. त्यानंतर कित्येक महिने मी चार लोकांत तोंड उघडण्याआधी शब्द चाळून घ्यायचो. फोनवर आजीशी बोलतानासुद्धा आजूबाजूला कोण आहे ते बघायचो.

सुमारे २० देशांच्या राजभाषेत 'ल'चा 'य' होतो, आणि माद्रिद किंवा मेक्सिकोत त्यासाठी कोणी कोणाला अडाणी ठरवत नाही. मग आमच्या 'ळ'चा 'य' झाला तर तो गुन्हा कसा? दोन्हीकडे जीभच आपली वाट सोपी करून घेते. परीक्षेत, अर्जात मी प्रमाण मराठीच लिहितो, ते आलंच पाहिजे. पण आजीचा फोन आला की आता आवाज खाली जात नाही. मला पुटपुटताना ऐकून ती विचारते, "हे काय बोलून राह्यला रे बाबू?" मी तिला सांगतो, तिच्यासारखाच 'य' म्हणणारे लोक साता समुद्रापार आहेत. तिला गंमत वाटते.

अजून स्पॅनिश सिनेमा मला झेपत नाही. लहान मुलांची गोष्ट वाचता येते, सावकाश बोललेलं कळतं. पण ६०० तासांपैकी बरेच तास गेले आणि ते वाया गेले नाहीत, एवढं छातीठोक सांगतो.

घरी जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतीलच. कात्री घ्या, आजच दहा शब्द कापा. आणि पहिला शब्द 'गातो' लिहिलात, तर बोक्याला माझा नमस्कार सांगा!