शिंगणापूरच्या तळ्याभोवती

अकलूजहून माळशिरस, मग नातेपुते, मग डावीकडे डोंगर. उसाचा पट्टा मागे पडतो, काटेरी माळ सुरू होतो. शिखर शिंगणापूरला लोक शंभू महादेवासाठी जातात. तळ्यासाठी म्हणून कुणी जात नाही. हे पुष्कर तळं मालोजीराजे भोसल्यांनी १६०० च्या सुमारास बांधलं, यात्रेकरूंची पाण्यावाचून आबाळ होत होती म्हणून. सकाळी निघावं, तळ्याभोवती सावकाश फेरी मारावी, दिवेलागणीला घरी यावं.

राष्ट्रीय उद्यानातलं तळं असतं तर फाटकावरच पक्ष्यांची आणि झाडांची यादी मिळाली असती. इथे फाटक नाही. म्हणून ही यादी, कमी होत चाललेल्या गोष्टींची.

मुक्काम. तीन दगडांची चूल, तळ्याचं पाणी, कोरड्यास-भाकरी, रात्र उघड्यावर. आता गाडी वरपर्यंत येते. दर्शन, चहा, फोटो, परत. तळं दिसतं ते बहुतेकदा खिडकीतून.

घोंगडी. काळ्या दख्खनी मेंढीची लोकर, सनगराचा माग, चिंचोक्याची खळ. पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर, रात्री अंगाखाली. आता मेंढी पाळायची ती मटणासाठी. लोकर कातरायची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. माळावरच्या मेंढक्याच्या खांद्यावर प्लॅस्टिकचा कागद असतो. तो हलका असतो, स्वस्त असतो. त्याला नावं ठेवायला आपण पावसात उभे नसतो.

वाघर. रात्री कळपाभोवती लावायचं जाळं. शेतात मेंढरं बसवायची. लेंडीखत रानाला, धान्य मेंढक्याला. हा व्यवहार चालायला पीक निघाल्यावर रान मोकळं पडावं लागतं. खाली नीरेच्या कालव्यावर ऊस वर्षभर उभा. कळप बसवायचा कुठे?

गवत. पवन्या, मारवेल, कुसळी. सरकारी दप्तरात असा माळ बऱ्याचदा पडीक म्हणून लागतो, आणि पडीक जमिनीवर झाडं लावणं पुण्याचं मानतात. गिरिपुष्प वाढतं, त्याखालचं गवत विरळ होतं, गवतात घरटं करणारा चंडोल दुसरीकडे जातो. फोटोत मात्र डोंगर हिरवा दिसतो.

माळढोक. तळ्यावर तो नाही, पण अकलूज ज्या सोलापूर जिल्ह्यात येतं त्याची यादी त्याच्याशिवाय होत नाही. नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. तिथे सगळं होतं: हद्द, पहारा, मोजणी. मोजता मोजता आकडा एखाद-दुसऱ्या पक्ष्यावर आला. फाटक असतं तर वाचलं असतं, असं या डोंगराबद्दल म्हणवत नाही ते यामुळे.

मोट. ही डोंगराखालच्या विहिरींवरची. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं. वीज आली, पंप आला, बैल सुटले. याबद्दल हळहळायचं कारण नाही. एवढंच की मोटेने विहीर दिवसभर उपसली तरी तळाला थोडं राहायचं. पंपाला तळ दिसायला तेवढा वेळ लागत नाही.

१९७२ आठवणारी माणसं. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापलेली. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ मध्ये. पाझर तलाव आणि रस्ते अजून आहेत. कुठल्या बांधावर कुणी माती वाहिली हे सांगणारे थोडे उरले.

पाण्याचा माग. तळ्याकाठी बसून डोंगर बघावा. उत्तरेला पडलेला थेंब नीरेकडे जातो, दक्षिणेचा माण नदीकडे. एक नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळतो, दुसरा पंढरपूर ओलांडल्यावर. शेवटी दोन्ही पाणी एकच. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे पूर्वी गुरं राखणाऱ्या पोरालाही पायाखालून कळायचं. अकलूजच्या नळाखाली हात धरणाऱ्याला भाटघर आठवत नाही. ते धरण १९२८ चं. त्याच्या पाण्यावर आपलं सगळं हिरवेपण उभं आहे.

आणि जे या यादीत घालता येत नाही: कावड. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडच्या भुतोजी बुवा तेल्यांची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन मुंगी घाटाने वर चढते. रस्ता असून घाटाने. उभ्या कड्यावर माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि कावड वर जाते. सासवडचेच माळी कालव्याच्या पाण्यामागे खाली अकलूजजवळ आले, माळीनगर वसवलं, १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला. एक सासवड पाण्याकडे आलं, एक अजून पाणी घेऊन डोंगर चढतं.

कावडीला अभयारण्य नाही, तिची मोजणी नाही. पण कुठल्या गावाची कावड, कुठला मान, कुठली तिथी, हे ठरलेलं आहे. आपली पाळी चुकवली तर विचारणारं कुणीतरी आहे. घोंगडीला, गवताला, वाघरीला असं विचारणारं कुणी नेमलेलं नाही. ती वाईट होती म्हणून गेली नाहीत. ती कुणाच्याच पाळीत नव्हती.